रागाचा माठ

आमच्या शाळेत राग यायची वेळ ठरलेली होती. उन्हाळ्यात शाळा सकाळची. साडेसातला प्रार्थना, आणि पावणेनऊच्या सुमाराला ऊन ओट्याच्या वरच्या पायरीवर चढलं की चौथीच्या पोरांना राग यायला लागायचा. एकेकाला, रांगेनं, अजिबात भांडण न करता. एकजण हात वर करायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, मला राग आला." गुरुजी मान हलवायचे. तो उठायचा, ओट्यावर जायचा, माठातलं गार पाणी सात घोटांत प्यायचा, तोंड पुसत आत यायचा आणि सांगायचा, "गुरुजी, राग गेला." तोवर शेजारच्याला आलेला असायचा.

यावरून कोणी समजेल की आमचं गाव साधुसंतांचं. तसलं काही नाही. गाव सावद्यापासून दीड कोसावर, चारी बाजूंनी केळीच्या बागा, आणि पाटाच्या पाण्याची पाळी कोणाची यावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडायचे. शाळेत पिण्याच्या पाण्याची एक पत्र्याची टाकी होती, ती भर उन्हात. तिच्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असायची. म्हणजे अख्ख्या शाळेत गार घोट एकच, तो रागाच्या माठात. तो पाहिजे तर आधी राग आला पाहिजे. मग आम्ही काय करणार? आणला राग.

माठ आणला हेडगुरुजींनी. गुरुजी धुळ्याकडचे. देवपुरात त्यांचं घर, बायकापोरं तिकडे. इथं ते एका खोलीत एकटे राहायचे आणि स्वतःच्या हाताच्या भाकरी खायचे. शाळेत पाणी भरणारी अक्का म्हणायची, "गुरुजींचा निम्मा राग त्या भाकरीचा आहे, बाप्पा. तशी भाकर मी खाल्ली तर मी बी मारीन."

राग आला की गुरुजींची भाषा बदलायची. शांत असले की पुस्तकातलं बोलायचे, "मुलांनो, वर्गात गोंगाट करू नये." तापले की गाडी थेट धुळ्याला, "काय करी राह्यनात रे बठ्ठा?" त्यानंतर छडी. 'बठ्ठा', म्हणजे सगळे, हे कानावर पडलं की आमचे हात आपोआप मांडीखाली जायचे.

हा 'बठ्ठा' मला हुबेहूब यायचा. मला सगळेच यायचे. एसटीच्या कंडक्टरची शिट्टी, केळीचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याचं नाकातलं हसू, अक्काचं कण्हणं, रेडिओवर सकाळी बातम्या सांगणाऱ्या बाईचा घसा. एकदा गुरुजी बाहेर गेले असताना मी दाराआडून 'बठ्ठा' काढला, तर पहिलीतल्या दोघांनी चड्ड्या ओल्या केल्या. माझी आई म्हणायची, "याले स्वतःचं तोंड नई, भाड्याचं आहे."

तर त्या फेब्रुवारीत गुरुजी जळगावला शिबिराला गेले. पाच दिवस. गेले ते आमचे गुरुजी होते, आले ते भलतेच. हातात वही, वहीवर मोठ्या अक्षरात 'मुलांच्या भावना'. पहिल्या दिवशी त्यांनी छडी वर आढ्यात खोचून ठेवली आणि आमच्याकडे बघून हसले. आम्ही जास्त घाबरलो.

शिबिरातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, शाळावार्ता. रोज प्रार्थनेनंतर गावच्या आणि शाळेच्या बातम्या फळ्यावर लिहायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या, म्हणजे शाळा आणि गाव यांचं नातं घट्ट होतं. दुसरी, माठ. मुलाला राग आला तर त्याला मारायचं नाही. त्यानं तो राग स्वतः ओळखायचा, सांगायचा, सात घोट मोजून पाणी प्यायचं आणि शांत व्हायचं.

वार्ता वाचायचं काम मला मिळालं. मी रेडिओवाल्या बाईच्या आवाजात वाचायचो, "नमस्कार. शाळावार्ता देत आहोत. सरपंचांच्या म्हशीला काल पारडू झाले. दोघांची प्रकृती उत्तम आहे. पहिलीतील एका विद्यार्थ्याने खडू खाल्ला. त्याने तो पूर्ण संपवल्याचे बाईंकडून समजते. आज नदीकाठच्या मळ्यात वांग्याच्या भरिताची पंगत असून हेडगुरुजींना बोलावणे आलेले नाही." ही शेवटची बातमी गुरुजींनी मला दुसऱ्या दिवशीही घालायला लावली. संध्याकाळी मळ्यातून भरिताचं पातेलं आणि कळण्याची भाकरी घरपोच आली. शाळा आणि गावाचं नातं घट्ट होतं ते असं.

वार्तेत सगळ्यात खाली कायमची एक ओळ असायची. काल रागावलेले, आणि पुढे आकडा. गुरुजींचा हिशोब असा की आकडा रोज कमी होत जाईल. तो रोज वाढत गेला. आठ, चौदा, एकवीस. मार्च सरता सरता वर्गातली पोरं एकतीस आणि रागावलेले छत्तीस, कारण काहींना दोनदा यायचा. गुरुजी वहीत बघायचे, आकड्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "मुलं मोकळी होत आहेत."

खोटा राग आणणं सोपं नव्हतं. नुसतं 'राग आला' म्हटलं तर गुरुजी म्हणायचे, "दिसत नाही." राग दिसावा लागायचा. तिथं माझा धंदा चालला. मी पोरांना राग शिकवायचो. एका रागाला एक पेरू, नाहीतर चार बोरं. नाक फुगवायचं, खालचा ओठ दाताखाली, डाव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतवायचा, आणि मान एका झटक्यात अशी फिरवायची की वेणी पाठीवर आपटली पाहिजे. पोरं म्हणायची, "आमाले वेणी कुठी आहे?" मी म्हणायचो, "आहे असं समजा."

वेणी कारण राग तिचा होता.

ती म्हणजे आमच्या वर्गातली एक पोरगी. पोरींच्या बसायच्या पट्टीच्या टोकाला ती, पोरांच्या पट्टीच्या टोकाला मी, मध्ये हातभर जमीन. तिचा बाप, सगळे त्याला नाना म्हणायचे, बऱ्यापैकी केळीवाला. तिला राग यायचा तो खरा यायचा. घशातून आवाज निघायचा नाही, डोळ्यांत पाणी यायचं नाही, नुसतं नाक फुगायचं आणि मग जे हातात असेल ते समोरच्याच्या डोक्यात. बाकी पोरगी भली. पाढे तिच्याइतके कोणाला यायचे नाहीत, आणि कोणाची पेन्सिल मोडली तर आपली अर्धी करून द्यायची. पण तिला कोणी चिडवलं, की संपलं.

आमची शाळा चौथीपर्यंत. पुढं पाचवीला सावद्याला पायी जावं लागायचं, दीड कोस जाऊन दीड कोस यायचं, केळीच्या बागांमधून. पोरं जायची. पोरींचं काय करायचं हे ज्याचा त्याचा बाप ठरवायचा, आणि नानाचं ठरत नव्हतं. तिचं ठरलं होतं. खताच्या पांढऱ्या गोणीचं दप्तर तिनं स्वतः शिवून ठेवलं होतं, आत दोन कप्पे, बाहेर बुतामाचं झाकण. त्याच्यावर खताच्या कंपनीची अक्षरं उलटी आली होती. ते दप्तर ती आमच्या शाळेत आणायची नाही. विचारलं तर म्हणायची, "ते सावद्याचं आहे."

नाना एकदा शाळेत आला आणि ओट्यावर बसून गुरुजींना म्हणाला, "मी नई म्हनत नई, गुरुजी. पन ही पोर तापट. गावात हाये तर ठीक, सगळे ओळखीचे. उद्या सावद्यात कोनाच्या डोक्यात पाटी घातली तर मी काय करू? तुमी असं करा. तिनं तीनदा कोनाले मारलं, का दाखल्यावर लिहा लाल शाईनं. वर्तनूक वाईट. मंग मले बी घरी सांगता येईन, आन् तिच्या मायले बी."

दाखल्यात वर्तणुकीचा रकाना असतो. सगळ्यांच्या दाखल्यावर तिथं 'चांगली' लिहिलेलं असतं, डोकी फोडणाऱ्यांच्याही. पण गुरुजींच्या डोक्यात शिबिर होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी नियमच करून टाकला. राग आल्यावर पाणी न पिता ज्यानं तीनदा हात उचलला, त्याच्या दाखल्यावर लाल शाई. नियम सगळ्यांना. लागू एकटीला.

पहिली खूण माझ्या कपाळावर आहे. मी वार्ता वाचताना मध्येच तिच्यासारखी मान झटकली, पोरं हसली, आणि पाटीचा कोपरा आला. दुसरी खूण, तिसरीतल्या एका पोराच्या दंडावर, दातांची. त्यानं तिच्या वेणीची रिबीन सोडली होती. दोन झाले. एक उरलं.

आता तुम्ही म्हणाल, माठ होता ना? माठ तिच्यासाठीच तर होता. होता. पण खऱ्या रागाची पंचाईत अशी की तो वेळेवर येत नाही. आमचे राग पावणेनऊला यायचे, तिचा यायचा दहाला, सव्वादहाला, आणि तोवर आम्ही बाकीच्या तीस पोरांनी रागावून रागावून माठ कोरडा केलेला असायचा. एकदा तिनं दात आवळून हात वर केला, बाहेर गेली, आणि ओगराळं माठाच्या बुडाला घासल्याचा खर्र आवाज आला. ती तशीच आत आली, जागेवर बसली आणि सुट्टी होईपर्यंत तिनं स्वतःची पेन्सिल बारीक बारीक मोडली. मी ते बघितलं. बघून मला वाटलं, बोटांचं हे बरोबर जमवलं पाहिजे. तेही मी शिकून घेतलं आणि एका पेरूला विकलं.

एप्रिलात सांगावा आला, साहेब येणार. तालुक्याचे साहेब, शाळा तपासायला. त्यांना माठाचं कुठून तरी कळलं होतं आणि तो बघायचा होता.

गुरुजींनी मला सुट्टीनंतर थांबवून घेतलं. खुर्चीत बसले, उठले, परत बसले.

"तुला राग चांगला येतो ना रे?"

"येतो, गुरुजी. कोणाचा आणू?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "कोणाचाही आण. माझा नको."

ठरलं असं की साहेब वर्गात आले की शेजारचा माझी पेन्सिल हिसकावणार, मला राग येणार, मी तो ओळखणार, सांगणार, पाणी पिणार, शांत होणार. नमुना राग. तीन दिवस आम्ही त्याची तालीम केली. गुरुजी म्हणायचे, "घाई करू नकोस. साहेबांना राग येताना दिसला पाहिजे." बाकी पोरांना सक्त ताकीद होती, त्या दिवशी सकाळपासून कोणालाही राग यायचा नाही. माठ तोंडापर्यंत भरलेला पाहिजे. अक्कानं पहाटेच नवीन गोणपाट ओलं करून माठाला गुंडाळलं, वर घासलेली ताटली ठेवली आणि जर्मनचा पेला तर असा चकचकवला की त्यात तोंड दिसावं.

साहेब फटफटीवर आले. मागे कारकून. वेशीवरूनच सरपंच सोबत झाला, त्याच्या मागं नाना, आणि साहेब बघायला मिळतात म्हणून आणखी सात-आठ माणसं. ऊन असं की फटफटीच्या सीटवर पापड भाजावा. सगळे ओट्यावर टेकले. साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "आधी पाणी."

आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला गरम पाणी देणं म्हणजे त्याला शिवी देण्यासारखं. दाराशी आलेला वैरी असला तरी त्याला गार पाणी. अक्कानं टाकीकडं ढुंकूनही बघितलं नाही. ताटली बाजूला केली आणि रागाच्या माठातून पेला भरून साहेबांना दिला. साहेबांनी दोन घेतले. कारकुनानं तीन. सरपंच, नाना, बाकीची मंडळी. "वा, काय गार आहे," म्हणत म्हणत ज्यांना तहान नव्हती त्यांनीही घेतलं. गुरुजी तेव्हा आत फळ्यावर 'सुस्वागतम्'च्या शेवटच्या 'म'चा पाय मोडत होते.

मग सगळे वर्गात आले. साहेब खुर्चीवर, बाकी भिंतीला टेकून. मी शाळावार्ता वाचली. साहेब हसले. गुरुजी शांतपणाच्या भाषेत म्हणाले, "साहेब, आता आपण मुलांचं भावनांवरचं नियंत्रण पाहू," आणि शेजारच्याला डोळ्यांनी खुणावलं. शेजारच्यानं माझी पेन्सिल हिसकावली.

मला राग आला. काय आला! नाक फुगवलं, ओठ दाताखाली घेतला, अंगठा रुतवला, बोटांनी पेन्सिल नसताना पेन्सिल मोडली, आणि मान फिरवून अशी वेणी आपटली की भिंतीशी बसलेल्या माणसांनाही ती दिसली. वर्ग फुटला. पोरं लोळायची बाकी होती. एकजण ओरडला, "अरे, नानाची पोर!" सरपंच मांडीवर थापा मारायला लागला. साहेब म्हणाले, "वा! हा तर अगदी खरा!" नाना हसला नाही. तो आपल्या पोरीकडं बघत होता, आणि हळूहळू सगळेच तिच्याकडं बघायला लागले.

तिचं नाक फुगलं होतं. मी करायचो तसं नाही. मी जरा जास्तच फुगवायचो, हे मला तेव्हा कळलं. तिच्या हातात पाटी होती, लाकडी चौकटीची. माझ्या कपाळापासून हातभर लांब.

तिनं पाटी खाली ठेवली. हात वर केला.

"गुरुजी, मले राग आला."

गुरुजींना तर सोन्याहून पिवळं. न ठरवता दुसरा नमुना! "जा बाळ, जा. दोघंही जा. साहेब, बघा हं."

मी पुढं, ती मागं. ओट्यावर मी आधी पोचलो. ओगराळं आत घातलं तर ते खाली, खाली, पार खालीच जायला लागलं. माठ तिरका करून खरवडलं तेव्हा कसंबसं अर्धा पेला पाणी निघालं. ती माझ्या शेजारी उभी होती. आत सगळे माना वाकड्या करून बघत होते. मी काय करायला पाहिजे होतं ते मला आजही माहीत आहे आणि तेव्हाही होतं. पण तालीम तीन दिवसांची होती. मी ते पाणी प्यालो. साहेबांना दिसावं म्हणून घाई न करता, सात घोटांत. तोंड पुसलं. "गुरुजी, राग गेला." टाळ्या वाजल्या.

मग तिनं पेला घेतला आणि ओगराळं आत घातलं. खर्र. परत एकदा. खर्र. हा आवाज आतपर्यंत गेला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग वर्गातल्या भिंतीकडं, जिथं नाना बसला होता. नानानं मांडी सोडली आणि एक हात जमिनीवर टेकला, म्हणजे माणूस उठायच्या आधी टेकतो तसा. त्याच्या तोंडावर 'पाहा, मी म्हनत नव्हतो का' असं आधीच येऊन बसलं होतं. ओगराळं लांब दांड्याचं होतं, जड. तिच्या मुठीत होतं. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही म्हणून उघडले. तिनं ओगराळ्यातून पेल्यात काहीच ओतलं नाही, पण ओतलं. पेला तोंडाला लावला. एक. घसा वर, घसा खाली. दोन. मध्ये श्वास. तीन. मी इतक्या लोकांच्या नकला केल्या, पण रिकाम्या पेल्यातून असं पाणी पिताना मी कोणालाच बघितलेलं नाही. पाचव्या घोटाला तिच्या हनुवटीवरून ओघळ येईल असं मला वाटलं. सात झाले. पेला पालथा ठेवला. परकराच्या टोकानं तोंड पुसलं.

आतून परत टाळ्या. पण गुरुजींच्या कानात तो खर्र गेला होता. ते ओट्यावर आले, माठात वाकले, आणि वर आले ते धुळ्यात.

"बठ्ठं पानी कथं गयं?"

पहिलीचा वर्ग तिकडच्या खोलीत चिडीचूप झाला. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुठी जाईन? सायबांनी पेलं. सरपंचांनी पेलं. सगळ्यांनी पेलं."

"रागना माठ व्हता तो! रागना!"

"मंग उन्हातून आलेल्या मानसाले टाकीतलं आधन पाजू का, गुरुजी? गावाचं नाव घालवू?"

"माले राग येस नही!" गुरुजी ओरडले. आढ्यात खोचलेल्या छडीवरची धूळ खाली पडली असं मी तेव्हा पोरांना सांगायचो. खरं तर ती कौलावरच्या चिमणीनं पाडली. "माले आते राग येसच नही!"

साहेब दारात येऊन उभे राहिले. घाबरून म्हणाले, "गुरुजी, गुरुजी, पाणी घ्या जरा."

"कुठलं?" अक्का म्हणाली.

साहेबांनी मग पालथा पेला उचलला आणि आत बोट फिरवलं. मी प्यालेलं पाणी एवढ्या उन्हात वाळून गेलं होतं. त्यांनी पोरीकडं बघितलं. "बाळ, माठ रिकामा होता ना? मग तू प्यालीस काय?"

"काईच नई. सात मोजले."

"आणि राग गेला?"

"नई," ती म्हणाली. "आहे. पन मी मारलं नई कोनाले."

हे ती साहेबांना सांगत होती, पण तिची नजर नानावर होती. नानाचा हात अजून जमिनीवर टेकलेला. सगळे त्याच्याकडं बघतायत हे त्याला कळलं. मग त्यानं तो हात धोतराला पुसला आणि परत मांडी घातली. सरपंच म्हणाला, "नाना, पोर तुझ्यापेक्षा थंड निघाली की. पाटाच्या पाळीवर तू पावडं उचलतं." नानाला राग आला असणार, पण माठ रिकामा होता.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं. 'माठाचा उपक्रम स्तुत्य आहे. माठ लहान पडतो. मोठा घ्यावा.'

दुसऱ्या दिवशी मी शाळावार्तेच्या शेवटी लिहिलं, काल रागावलेले, एक. आदल्या दिवशी खरा राग फक्त गुरुजींनी बाहेर काढला होता, ती बातमी होती. गुरुजींनी फळा वाचला. बराच वेळ वाचला. मग फडक्यानं 'एक' पुसला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'निरंक'. मला म्हणाले, "हे वाच." मी रेडिओवाल्या बाईच्या आवाजात ते वाचलं. खोटी बातमी त्या आवाजात जास्त चांगली वाटते.

मे महिन्याच्या एक तारखेला निकाल लागला. तिच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात निळ्या शाईनं 'चांगली' लिहिलेलं होतं. माझ्याही.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, निकालानंतर आली. आखाजी म्हणजे आमच्याकडं पोरीबाळींची चंगळ. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि एका गल्लीच्या पोरी दुसऱ्या गल्लीला गाण्यातून अशा शिव्या घालतात की ऐकणाऱ्यानं कान धुवावेत. वर्षभराचं साठलेलं सगळं त्या दिवशी ओकायचं. कोणी मनावर घ्यायचं नाही, उलट उत्तर द्यायचं. शिबिराला न जाताही आमच्या बायकांना हे ठाऊक होतं. मी सकाळपासून तयारीत होतो. म्हटलं, आज ती माझं काढणार. माझं भाड्याचं तोंड, माझ्या आईचं वाकडं कुंकू, सगळं झोक्यावरून सबंध गावाला ऐकू जाणार. मी निंबाखालून तीनदा गेलो. ती झोक्यावर होती. दुसऱ्या पोरींनी माझ्या सात पिढ्या काढल्या. ती गप्प. नुसता झोका घेत होती, वर जायची, खाली यायची, माझ्याकडं बघायची.

सगळं माफ असतं त्या दिवशीही ती काही बोलली नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो.

जूनमध्ये आम्ही सावद्याला निघालो. पाच पोरं पुढं, दोन पोरी मागं. नाना तिला सोडायला गावच्या वेशीपर्यंत आला आणि म्हणाला, "नीट जाय." तिच्या खांद्याला ते गोणीचं दप्तर होतं. सावद्याच्या शाळेत कारकुनानं सगळ्यांचे दाखले घेतले, शिक्का मारला, फाइलीत लावले. ती टेबलाजवळच उभी राहिली. फाइलीला दोरी बांधून ती कपाटात जाईपर्यंत हलली नाही. कारकून वैतागून म्हणाला, "काय पाहिजे वं पोरी?"

"काई नई," ती म्हणाली. "जमा झाला ना?"

"झाला."

येताना बाकीची पोरं, ती दुसरी पोरगीसुद्धा, पुढं निघून गेली. मी चप्पल तुटली म्हणून मागं राहिलो होतो. सावदा संपून केळीच्या बागा सुरू होतात, तिथं पाट आडवा जातो. ना ती शाळा, ना ही शाळा, ना गाव. मी पाटावर वाकून पाणी पीत होतो. मागून पावलं आली. वळलो तर नाक फुगलेलं होतं आणि गोणीचं दप्तर हवेत होतं. आत पाचवीची नवी पुस्तकं होती, सगळी. भूगोलासकट.

मी पाटात बसलो. कमरेएवढ्या पाण्यात. ओरडलो पण जोरात, आणि तो आवाज कोणाचाच नव्हता, माझाच होता. असला आवाज माझ्याकडं आहे हे मलाही माहीत नव्हतं.

ती काठावर उकिडवी बसली. दप्तराचं बुताम लावलं. ओंजळीनं पाणी घेतलं आणि सावकाश, सात घोटांत प्याली. मग तोंड पुसून माझ्याकडं बघितलं.

"आता घाल बातमी," ती म्हणाली.